केवळ आकार आणि भावना : प्रभाकर कोलते यांच्या चित्रांच्या निमित्ताने

अमूर्त चित्रकलेविषयी लिहावयाचे म्हटले की आपल्याकडे पहिली अडचण येते ती पाहणाऱ्याच्या संकोचाची. चित्र समोर असते आणि पाहणारा भिंतीवर शीर्षकाची चिठ्ठी शोधत असतो. चिठ्ठीवर ‘शीर्षकरहित’ एवढेच आढळले की तो काहीसा खजील होऊन पुढच्या चित्राकडे वळतो. प्रभाकर कोलते यांच्या चित्रांसमोर ही पाळी हमखास येते, कारण त्यांची बहुतेक चित्रे शीर्षकाविना आहेत आणि त्यांत ओळखीचे म्हणावे असे झाड, घर, माणूस काहीच नाही. आहेत ते आयत, चौकोनांचे तुकडे, पट्ट्या, क्वचित एखादी तुटक रेषा, आणि त्या साऱ्यांना पोटात घेऊन पसरलेला एक रंग.

कोलते यांचे सिंधुदुर्गाशी नाते जन्माचे आहे. कुडाळहून मालवणकडे येताना कर्ली नदीवरील पुलापाशी जे नेरूरपार लागते, तेथे १९४६ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९६८ साली त्यांनी पदविका घेतली, आणि पुढे १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षे त्याच संस्थेत अध्यापन केले. ‘कलेपासून कलेकडे’ हे त्यांचे पुस्तक मराठीत आहे. चित्रकलेच्या वर्तुळात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. तरीही आपल्या भागात दशावतारातील नटाचे, भजनीबुवाचे किंवा गावच्या बँडमधील उत्तम व्हायोलिनवाल्याचे नाव ज्या सहजतेने घरोघरी निघते, त्या सहजतेने हे नाव निघत नाही. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ‘आम्हांला त्यातले काही कळत नाही’ या वाक्यावर जो विषय संपतो, तो तेथे संपू नये असे आम्हांस वाटते. हे वाक्य नम्रतेचे वाटले तरी त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : भावना व्यक्त करावयाची तर तिला चेहरा हवा, डोळे हवेत, डोळ्यांत पाणी हवे. चौकोनाला डोळे नाहीत, म्हणून चौकोन मुका.

हे गृहीत तपासण्यास फार खटपट करावी लागत नाही. कला आणि संकल्पन शिकविणाऱ्या शाळांत एक जुना पाठ देतात. तो घरच्या घरी करून पाहता येतो. काळ्या कागदाचे सारख्या मापाचे चार चौकोन कापावेत. एक पांढरा कागद घ्यावा. चौकोन वाकवावयाचे नाहीत, रंगवावयाचे नाहीत, केवळ मांडावयाचे. चारही मधोमध एका रांगेत, समान अंतरावर ठेवले तर कागदावर शिस्त येते, थोडासा कंटाळाही येतो. तिघांना एकमेकांस चिकटवून चौथ्यास दूर कोपऱ्यात सरकविले तर घरातील लहान मूलसुद्धा म्हणेल, ‘हा रुसला.’ त्याच चौथ्याला किंचित तिरका केला तर तो रुसून बसलेला न राहता निघून चाललेला दिसतो. चारही चौकोन कागदाच्या खालच्या कडेवर ढिगासारखे टाकले आणि वरचा सारा कागद मोकळा सोडला तर छातीवर ओझे आल्यासारखे वाटते. चौकोन तेच आहेत, बदलली ती अंतरे, झुकाव, कडेशी असलेली जवळीक आणि भोवतालची रिकामी जागा. भावना आली ती या नात्यांतून.

माणसाचे मन आकारांतील नाती किती तत्परतेने वाचते याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. फ्रिट्झ हायडर आणि मेरियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली अमेरिकेत एक लहानसा मूक चित्रपट तयार केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटे वर्तुळ, आणि दार उघडते-मिटते असा एक आयत, इतकेच होते. हे आकार इकडून तिकडे फिरत. पहिल्या प्रयोगात हा चित्रपट ३४ जणांना दाखवून ‘काय घडले ते लिहा’ असे सांगण्यात आले. केवळ एकानेच भूमितीच्या भाषेत उत्तर लिहिले. बाकी साऱ्यांनी सजीवांची हकिकत लिहिली, मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरून घरात शिरते अशा थाटाची. तेव्हा आकार मुका असतो हे म्हणणे टिकत नाही. आपल्या चित्रगृहांतून जो अमूर्त चित्रासमोर ‘कळत नाही’ म्हणतो, त्यालाही ते पुष्कळ अंशी कळलेले असते. जे कळले त्याला नाव देता येत नाही म्हणून तो त्यास कळणे मानीत नाही, इतकेच.

आपल्या जिल्ह्यातील कारागिरांना हे अंतरांचे मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचा जोड पाहावा. त्यात १२० गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा आणि प्रधान यांची दोन पाने सोडली तर उरलेल्या दहा पानांवर कोणतीही कथा नसते, असते ते केवळ चिन्ह आणि त्याची संख्या. मत्स्यावताराच्या पानांवर एक मासा, दोन मासे असे करीत दहा मासे. एकाच वर्तुळात एकटे चिन्ह बसविणे, तीन बसविणे आणि दहा बसविणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या चिन्हाला सारे वर्तुळ आपले असते. दहांना एकमेकांची अंगे चोरून राहावे लागते. राजाच्या पानाचे कौतुक सगळेच करतात. आम्हांस चित्रकाराची परीक्षा या साध्या, संख्येच्या पानांत अधिक दिसते.

येथे एका गैरसमजास आधीच दूर केले पाहिजे, कारण ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘सगळे कळते’ म्हणणाऱ्यांनी अमूर्त कलेचे नुकसान अधिक केले आहे. हे लोक आकारांचा कोश घेऊन येतात. वर्तुळ म्हणजे पूर्णत्व, त्रिकोण म्हणजे संघर्ष, तांबडा म्हणजे क्रोध, निळा म्हणजे शांती. मोठमोठ्यांनाही या कोशाचा मोह पडला आहे. वासिली कान्डिन्स्की यांनी १९२३ साली जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत एक प्रश्नावली वाटून त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांना पिवळा, तांबडा आणि निळा यांपैकी कोणता रंग शोभतो असे विचारले होते. पिवळा त्रिकोण, तांबडा चौकोन आणि निळे वर्तुळ अशी जुळणी त्यातून मान्य झाली. गंमत म्हणून हे ठीक आहे. परंतु निळ्या वर्तुळाने पोट भरल्यासारखे समाधान होते आणि तेच वर्तुळ कडेला अर्धे कापले गेले की जीव कासावीस होतो, हे कोणत्या कोशात सापडणार? शब्दकोशाने कविता होत नाही आणि आकारांच्या कोशाने चित्र होत नाही. कान्डिन्स्की यांची चांगली चित्रे त्यांच्या प्रश्नावलीच्या पलीकडची आहेत, यातच सारे आले.

कोशावाचूनही आकार आपणांस थांबवू शकतो याचा पुरावा आपल्या पायांखालीच आहे. मालवण तालुक्यातील बुधवळे-कुडोपी येथील सड्यावरची कातळशिल्पे आता पुष्कळांना ठाऊक झाली आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ साली कोकणातील ज्या कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांत कुडोपी आहे. तेथून उत्तरेस राजापूर तालुक्यात देवीहसोळ येथे जांभ्या दगडात एक मोठी चौकोनी चौकट कोरून तिच्या आत रेषांची दाट गुंतागुंत मांडलेली आहे. ती कोरणाऱ्यांची भाषा लोपली, त्यांच्या समजुती लोपल्या. कोश हरवला, पण चौकटीची ताकद गेली नाही. उन्हात तापलेल्या त्या उघड्या सड्यावर कोणी तरी चार बाजू आखून ‘इथून आत वेगळे आहे’ असे म्हटले, एवढे आजही पाहणाऱ्यास पोहोचते.

आता आपल्या देवळांकडे वळू. उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत देवळातील मूर्ती आणि क्रूस जांभळ्या कापडाने झाकण्याची प्रथा जुनी आहे, आणि ज्या धर्मग्रामांत ती अजून पाळली जाते तेथील वाचकांना आम्ही काय म्हणतो ते चटकन उमगेल. वर्षभर ज्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून आपण प्रार्थना केली, ज्यांच्या हातांची ठेवण आणि वस्त्रांच्या चुण्या आपणांस तोंडपाठ आहेत, ते पवित्र मरियेचे, संत योसेफाचे, संत अंतोनीचे पुतळे एका रविवारी दिसेनासे होतात. त्यांच्या जागी उरतात ते काही उभे जांभळे आकार. एक निमुळता, खांद्यापाशी किंचित रुंदावलेला. एक आखूड, बाळ कडेवर असल्यामुळे एका अंगाला फुगलेला. वेदीमागचा क्रूस झाकला की त्याचा एक पसरट त्रिकोण होतो, कारण कापड आडव्या दांड्याच्या टोकांवरून खाली उतरताना मधल्या साऱ्या जागा भरून टाकते.

ही खास चित्रकाराची युक्ती आहे, असे आम्ही म्हटले तर भाविकांनी राग मानू नये. तेथे दुःखाचे चित्र कोणी काढलेले नाही. अश्रू दाखविलेले नाहीत. उलट जे चेहरे होते तेही काढून घेतले आहेत. तरीही त्या रविवारी देवळात पाऊल ठेवताच आवाज आपोआप खाली येतो, आणि मुले आईचा पदर धरतात. मिस्साविधीचा अर्थ ज्यांना अजून कळत नाही अशा लहानग्यांनाही काही तरी घडले आहे हे समजते. केवळ जांभळा रंग दुःखाचा म्हणून असे होते असे म्हणावे, तर आगमनकाळातही पुरोहिताच्या वस्त्रांवर जांभळाच रंग असतो आणि त्या वेळी मनात नाताळची लगबग असते. ओळखीच्या जागी अनोळखी आकार येतो, पूर्वी जेथे नजर टेकत असे तेथून ती घसरते, आणि हे एका ठिकाणी न घडता सबंध देवळात एकाच लयीत घडते. हीच ती रचना. गुड फ्रायडेच्या उपासनेत क्रूस उघडला जातो आणि मूर्तींवरची कापडे ईस्टरच्या जागरणापूर्वी उतरतात, तेव्हा जो उजेड पडल्यासारखा वाटतो तो या झाकलेल्या दिवसांच्या हिशेबावर मिळालेला असतो. दरवर्षी दोन आठवडे अमूर्त रचनेसमोर गुडघे टेकणाऱ्या समाजाने ‘आम्हांला अमूर्त कळत नाही’ असे म्हणावे, हे आम्हांस पटत नाही.

याच संदर्भात एका परक्या चित्रकाराची आठवण देणे अगत्याचे आहे. बार्नेट न्यूमन हे न्यूयॉर्कचे ज्यू चित्रकार. १९५७ च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठल्यावर १९५८ साली त्यांनी कच्च्या, रंग न दिलेल्या कॅनव्हासवर काळ्या रंगाच्या उभ्या पट्ट्या रंगविण्यास आरंभ केला. प्रत्येक कॅनव्हास सुमारे साडेसहा फूट उंच आणि पाच फूट रुंद, म्हणजे हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या बेताचा. अशी काही चित्रे झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण क्रुसाची वाट रंगवीत आहोत. १९६६ पर्यंत चौदा चित्रे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ती मांडण्यात आली. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. कालवरीवरच्या ‘लेमा सबाख्थनी’ या आक्रोशाचे शब्द त्यांनी या मालिकेच्या नावाला जोडले.

आपल्या देवळांच्या भिंतींवर चौदा स्थाने असतात. पिलाताचा निवाडा, तीन वेळा पडणे, वेरोनिकेचे वस्त्र, सारे क्रमाने. न्यूमन यांच्या मालिकेत यातले काहीही नाही. उभी रेषा आहे, दुसरी उभी रेषा आहे, आणि मध्ये उघडा कॅनव्हास. कोठे रेषेची कड चाकूने कापल्यासारखी स्वच्छ, कोठे ब्रशाचे कोरडे फटकारे बाहेर आलेले, जणू हात थरथरला. पुढे पुढे काही कॅनव्हासांतून काळा रंग हटतो आणि पांढरा येतो, मग काळा परत येतो, जड होऊन. चौदाव्या चित्रात काळा उरलेला नाही. चौदावे स्थान म्हणजे ख्रिस्ताला कबरीत ठेवतात ते. तेथे अंधार अपेक्षित असताना चित्रकार पांढऱ्यावर थांबतो. हा पुनरुत्थानाचा संकेत आहे की केवळ रिकामपण, यावर न्यूमन काही बोलत नाहीत, आणि त्यांनी बोलू नये हेच बरे.

या मालिकेविषयी धार्मिक मंडळींनी एक आक्षेप घेतला तर तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ख्रिस्ताने देह धारण केला, त्या देहालाच गाळून त्याच्या दुःखाचे चित्र कसे होईल? प्रश्न खरा आहे. गावच्या देवळात वेरोनिकेच्या स्थानापाशी थांबणाऱ्या म्हातारीला तो देहच हवा असतो, आणि तिच्या भिंतीवर न्यूमन नेऊन टांगावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मात्र त्या आक्रोशाचा विचार करावा. तो पाहण्याचा विषय नाही, ऐकण्याचा आहे. उत्तर न मिळालेल्या प्रश्नाला चेहरा कोणता द्यावा? पुष्कळ धार्मिक चित्रांत हा प्रसंग येतो तेव्हा डोळे वर लावलेला, सुंदर केसांचा, साबणाने धुतल्यासारखा ख्रिस्त आपण पाहतो आणि तो आक्रोश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. छापील चित्रांतील त्या गुलाबी वेदनेपेक्षा न्यूमन यांची एक काळी रेषा आम्हांस कालवरीच्या अधिक जवळची वाटते.

येथे शीर्षकाचा मुद्दा उभा राहतो. ‘क्रुसाची वाट’ हे नाव नसते तर त्या पट्ट्यांसमोर आपणांस हे सारे सुचले असते काय? सुचले नसते, हे मान्य केले पाहिजे. नाव दिशा दाखविते. परंतु न्यूमन यांच्या बाबतीत चित्रे आधी आली आणि नाव मागाहून, हा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम उलटला की काय होते ते पाहण्यासाठी आपल्याच देशातील सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण घ्यावे. मध्य प्रदेशात १९२२ साली जन्मलेल्या रझांना शाळेत असताना, मन थाऱ्यावर राहीना म्हणून, मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसविले, ही हकिकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. त्या ठिपक्याचा पुढे बिंदू झाला. १९८१ सालचे त्यांचे ‘माँ’ हे चित्र घ्या. त्यातले मोठे काळे वर्तुळ पाहणाऱ्याला ओढून घेते. भोवतालचे तापलेले रंग त्याच्याशी झगडत असतात. तेथे बिंदू अजून शोधला जात आहे. नंतरच्या वर्षांतील अनेक चित्रांत मात्र तो सापडून गेलेला आहे. वर्तुळे मधोमध नेमकी बसतात, त्रिकोण आपापल्या घरात असतात, आणि चित्र पाहण्याऐवजी त्याचा अर्थ वाचावा लागतो. रझांच्या थोरवीविषयी शंका नाही. पण आकाराचे बोधचिन्ह झाले की त्यातील भावना गोठते, हे त्यांच्या उत्तरायुष्यातील कामावरून दिसते असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोलते यांनी नावच न देण्याचा जो मार्ग पत्करला, तो या पार्श्वभूमीवर पाहावा. त्यांच्यावर जे. जे.मधील त्यांचे गुरू शंकर पळशीकर यांचा आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभाव आहे, हे सर्वज्ञात आहे. क्ले यांनी १९२१ ते १९३१ या काळात बाउहाउसमध्ये शिकविताना बिंदू, रेषा, पृष्ठ यांपासून आरंभ करून चित्राचे व्याकरणच मांडले. ते स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवीत, आणि त्यांच्या रंगीत चौकोनांच्या चित्रांत एक चौकोन दुसऱ्याकडे स्वर सोपवावा तसा रंग सोपवितो. गोव्याच्या आईवडिलांचे पुत्र वासुदेव गायतोंडे यांच्याही सुरुवातीच्या कामावर क्ले यांची छाया होती. गायतोंडे पुढे आकारच विरघळवीत गेले आणि आपल्या कलेला अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणू लागले. कोलते यांनी आकार सोडला नाही.

त्यांच्या कॅनव्हासवर प्रथम दिसतो तो एकच, सर्वत्र पसरलेला रंग. कधी पिवळा, कधी तांबडा, कधी करडा. मग डोळा स्थिरावला की त्या रंगाखाली आणखी थर असल्याचे ध्यानात येते. एखादा आयत पूर्वी तेथे होता, त्यावरून पातळ रंग ओढून तो झाकला गेला आहे, पण त्याची एक कड अजून वर राहिली आहे. दुसरीकडे रंगाचा ओघळ उतरताना एका लहान चौकोनापाशी अडखळतो. आकार येथे मांडलेले कमी आणि उरलेले अधिक वाटतात. शिरगणती करू गेल्यास पाच-सात तुकडे. पण त्यांच्यामध्ये झाकले गेलेल्याची आठवण पसरलेली असते. बोलून झाल्यावर जी शांतता उरते तिच्यात आधीचे शब्द घुटमळत असतात, त्या जातीची ही भावना आहे. तिला आनंद वा दुःख असे एक नाव देता येत नाही, आणि म्हणूनच शीर्षक नसणे हा त्यांचा आडमुठेपणा नसून प्रामाणिकपणा आहे.

कोलते कोकणचे म्हणून हिरवा दिसला की भातशेती, तांबडा दिसला की जांभा, निळा दिसला की मालवणचा समुद्र असे अर्थ लावण्याचा मोह आपणां जिल्हावासीयांना होणार. तो आवरावा. नदीकाठचे बालपण कलावंताच्या डोळ्यांत राहते हे खरे, पण चित्रातील तांबडा रंग गावच्या मातीची पोचपावती नव्हे. अशा वाचनाने आपला अभिमान सुखावतो आणि चित्र मात्र पुन्हा एकदा देखावा होऊन बसते. दुसऱ्या बाजूने, कोलते यांचे सगळेच काम एका तोलाचे आहे असेही आम्ही म्हणणार नाही. काही चित्रांत रंगाची गोडी इतकी वाढते की आकारांचा आपसातील ताण सैल पडतो, आणि पाहणारा सुखावून निघून जातो. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी नेमकी हीच गोडी उचलली. कार्यालयांच्या आणि हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर सोफ्याच्या रंगाशी जुळणारे जे तथाकथित अमूर्त टांगलेले असते, त्यात चौकोन असतात, ओघळही असतात. परंतु एकही आकार जरा इकडचा तिकडे केला तरी काही बिघडत नाही. चांगल्या रचनेची ओळख हीच की तिच्यातला तुकडा हलविला तर दुखते.

हे सारे आपल्या घरांशी कोठे येऊन भिडते, तर मुलांच्या चित्रकलेच्या वहीपाशी. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला, आपली कितीतरी मुले बसतात. त्यांत संकल्पचित्राची प्रश्नपत्रिका असते आणि भूमितीचीही. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांची मांडणी मुले घासून घासून शिकतात. कड स्वच्छ हवी, रंग सपाट हवा, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. ही शिस्त उपयोगाची आहे, तिची आम्ही थट्टा करीत नाही. मात्र या वर्गांत ‘तुझा एकटा चौकोन तिथे का ठेवलास?’ असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. भूमिती हाताला येते, मनाला येत नाही. आणि भावना दाखवा म्हटले की तीच मुले हसरा चेहरा, रडका चेहरा, तुटलेले हृदय काढतात, कारण भावनेचा पत्ता चेहरा हाच आहे असे त्यांना मोठ्यांनी शिकविलेले असते.

धर्मग्रामांतून नाताळला, ईस्टरला मुलांच्या चित्रस्पर्धा होतात. गोठा, तारा, मेंढपाळ. रिकामी कबर, उगवता सूर्य. दरवर्षी तीच चित्रे आणि बहुधा तीच बक्षिसे. एखाद्या वर्षी उपवासकाळात परीक्षकांनी मुलांच्या हाती रंगाच्या पेट्यांऐवजी कात्री आणि काळा कागद द्यावा, आणि चौदा स्थानांपैकी एक स्थान केवळ चौकोन आणि पट्ट्या यांनी मांडावयास सांगावे. माणूस काढावयाचा नाही, क्रूसही नाही. शिमोन कुरेनेकर ख्रिस्ताचा क्रूस वाहावयास मदत करतो ते पाचवे स्थान यास उत्तम. एक जड आकार आणि दोन हलके. जड आकाराचा भार आता कोणावर आणि किती टेकला आहे, एवढेच दाखवावयाचे. कोणी दोन्ही पट्ट्या सरळ उभ्या करील, कोणी एक वाकवील, कोणी दोघांमध्ये बोटभर फट ठेवील. ती फट का ठेवली, हे त्या मुलाला विचारावे आणि ते सांगेल ते ऐकावे.